पॅड एकाचा, मॉड्यूल दुसऱ्याचं

“पॅड एका कंपनीचे आहेत आणि मॉड्यूल दुसऱ्या कंपनीचं. चालेल ना?” इलेक्ट्रॉनिक ड्रम घ्यायला निघालेला जवळपास प्रत्येक जण हा प्रश्न कुणाला ना कुणाला विचारतोच. त्यामागचं कारणही सरळ आहे. नवा कोरा पूर्ण संच सगळ्यांना परवडत नाही. मग कुणाकडून वापरलेले चार पॅड मिळतात, कुणाकडून नुसतं मॉड्यूल, म्हणजे आवाजांचा साठा असलेली पेटी. ऑर्केस्ट्रात किंवा बॅन्जो पार्टीत वाजवणाऱ्याकडे ऑक्टोपॅड आधीपासून असतो. त्याला फक्त पायाने वाजवायचा किक आणि एखादी सिम्बल जोडायची असते. सामान घरी येतं, वायरी लागतात, आणि मग कटकटी सुरू होतात. स्नेअर वाजतो, पण त्याची रिम मुकी. टॉमवर काठी एकदा पडते, ठोके दोन ऐकू येतात. सिम्बल हाताने धरली तरी तिचा आवाज थांबत नाही.

अशा वेळी ‘पॅड खराब निघाले’ असं समजून सामान पडत्या भावात विकून टाकणारे पुष्कळ असतात. खरं तर बहुतेक वेळा पॅड ठणठणीत असतो आणि मॉड्यूलही. पॅड जे पाठवतो आहे ते वाचायला मॉड्यूलला अजून कुणी सांगितलेलं नसतं, एवढंच. म्हणून वरच्या प्रश्नाचं उत्तर असं: बहुतेक जोड्या चालतात, काही अर्धवट चालतात, थोड्या अजिबात चालत नाहीत. आपली जोडी कोणत्या गटातली आहे हे कंपनीच्या नावावरून ठरत नाही. पॅडच्या आत काय बसवलं आहे आणि मॉड्यूलच्या त्या जॅकला काय अपेक्षित आहे, यावरून ते ठरतं. हे कसं ओळखायचं आणि मग जुळवायचं कसं, ते आता क्रमाने पाहू.

१. केबलमधून आवाज जातच नाही

पॅडमध्ये आवाज नसतो, ही गोष्ट सर्वांत आधी पक्की करून घ्यायला हवी. रबराच्या किंवा जाळीच्या थराखाली पितळेची एक पातळ चकती असते, रुपयाच्या नाण्याहून थोडी मोठी. तिच्या एका बाजूला पांढऱ्या सिरॅमिकचा थर असतो. हाच पिझो. काही स्फटिकांवर दाब पडला की त्यांच्यात वीज निर्माण होते, हे जाक आणि पिअर क्युरी या भावांनी १८८० साली दाखवून दिलं. स्वयंपाकघरातल्या गॅस लायटरचा खटका दाबला की ठिणगी उडते, ती याच गुणधर्मामुळे. लायटरमध्ये ही वीज ठिणगीसाठी वापरतात, पॅडमध्ये ठोक्याची वर्दी देण्यासाठी.

काठी पडली की चकती थरथरते आणि केबलमधून विजेची एक छोटी लाट निघते. हलक्या टिचकीला काही मिलिव्होल्ट, जोरदार फटक्याला काही व्होल्टसुद्धा. ही लाट दोन-तीन मिलिसेकंदांत शिगेला पोहोचते आणि मग थरथरत ओसरते. मॉड्यूल त्या लाटेतून दोनच गोष्टी वाचतं: ठोका कधी पडला आणि किती जोराचा होता. त्यानंतर स्वतःच्या साठ्यातला आवाज तेवढ्या जोराने वाजवणं हे सगळं मॉड्यूलचं काम.

रोलँड कंपनीने १९८५ साली पॅड-८ नावाचा पहिला ऑक्टोपॅड आणला, तेव्हा त्यात आठ पॅड होते आणि स्वतःचा आवाज एकही नव्हता. आवाजासाठी त्याला दुसरं यंत्र जोडावंच लागे. म्हणजे वाजवायची जागा एका यंत्रात आणि आवाज दुसऱ्या यंत्रात, ही रचना या वाद्यात मुळापासूनच आहे. आपण दोन घरची यंत्रं एकत्र आणतो तेव्हा वाद्याच्या स्वभावाविरुद्ध काही करत नसतो.

यातून एक दिलासा मिळतो आणि एक इशाराही. दिलासा असा की साध्या पिझो पॅडला बाहेरून वीज लागत नाही, त्यामुळे तो चुकीच्या ट्रिगर जॅकमध्ये लावला तरी सहसा काही जळत नाही. फार तर वाजत नाही. इशारा अ‍ॅडॉप्टरचा आहे. वापरलेलं मॉड्यूल पुष्कळदा अ‍ॅडॉप्टरशिवाय हाती येतं आणि घरात पिन बसेल असा कुठला तरी अ‍ॅडॉप्टर सापडतोच. रोलँडच्या अनेक जुन्या मॉड्यूलांना ९ व्होल्टचा आणि मधली पिन ऋण असलेला अ‍ॅडॉप्टर लागतो, तर यामाहाच्या अनेक मॉड्यूलांना १२ व्होल्टचा आणि मधली पिन धन असलेला. पॅडची गल्लत आवाज घालवते, अ‍ॅडॉप्टरची गल्लत मॉड्यूल घालवू शकते. म्हणून मॉड्यूलच्या मागे छापलेलं चिन्ह आणि व्होल्ट अ‍ॅडॉप्टरवरच्या छापाशी ताडून पाहिल्याशिवाय पिन आत घालू नये.

२. पिनेवर किती काळ्या रेघा आहेत?

आता केबल हातात घ्या. पॅडसाठी लागते ती ६.३५ मिलिमीटरची जाड पिन, आपल्याकडच्या दुकानांत पी-३८ म्हणून मिळणारी. तिच्यावर एकच काळी रेघ असेल तर ती मोनो. दोन असतील तर स्टिरिओ. मोनो पिनेत टोक आणि दांडा असे दोन भाग असतात. स्टिरिओ पिनेत त्या दोहोंच्या मधे एक कडं जास्त असतं.

ज्या पॅडमधून एकच आवाज निघतो त्याला मोनो पुरते. ज्याच्या मधल्या भागाचा आवाज वेगळा आणि कडेचा वेगळा, त्याला स्टिरिओ केबल लागतेच, कारण कडेची खबर त्या जास्तीच्या कड्यावरून जाते. रिम मुकी असल्याच्या कितीतरी तक्रारी नुसती केबल बदलल्यावर मिटतात. गिटारची केबल मोनो असते. ती पॅडला लावली की मधला भाग वाजतो आणि रिम गप्प राहते.

उलटी गंमतही घडते. मोनो पिनेचा लांब दांडा जॅकच्या आत कड्याच्या जागेलाही टेकतो. काही मॉड्यूलांना त्यामुळे असं वाटतं की पॅडची कड कुणीतरी सतत दाबून धरली आहे. मग मधे मारलं तरी रिमचाच आवाज येतो, किंवा सिम्बल वाजता वाजताच बंद पडते. अशा वेळी स्टिरिओ केबल लावावी, नाहीतर सेटिंगमध्ये त्या जागी मोनो पॅड असल्याचं सांगावं.

३. कड पिझोची की स्विचची?

वेगवेगळ्या कंपन्यांच्या जोड्या जिथे खऱ्या अर्थाने अडतात ती जागा ही. मधल्या भागाखाली पिझो असतो याबद्दल सगळ्यांचं एकमत आहे. कडेबाबत मात्र दोन पद्धती आहेत.

पहिली पद्धत दोन पिझोंची. एक मधल्या जाळीखाली, दुसरा चौकटीला चिकटवलेला. दोन्ही लाटा मॉड्यूलकडे जातात आणि कोणती मोठी हे पाहून मॉड्यूल ठरवतं की ठोका मधे पडला की रिमवर. रोलँडचे जाळीचे स्नेअर, उदाहरणार्थ पीडी-१२० किंवा पीडीएक्स-८, या पद्धतीचे आहेत.

दुसरी पद्धत पिझो आणि स्विचची. इथे पिझो एकच असतो. कडेखाली एक पातळ पट्टी बसवलेली असते. काठी कडेवर पडली की ती दाबली जाते आणि क्षणभर दोन तारा जुळतात. ठोका किती जोराचा हे पिझो सांगतो, तो कडेवर पडला एवढंच स्विच सांगतो. रोलँडचा रबरी पीडी-८ असा आहे. यामाहाच्या अनेक पॅडांत आणि बहुतेक इलेक्ट्रॉनिक सिम्बलमध्येही स्विचच असतो.

आता जोडी लावून पाहा. स्विचची वाट पाहणाऱ्या जॅकला दोन पिझोंचा पॅड लावला, तर मधला भाग झकास वाजेल आणि रिम मुकी राहील. तारा जुळण्याची मॉड्यूल वाट पाहत असतं आणि त्या कधी जुळतच नाहीत. उलट, दोन पिझोंच्या जॅकला स्विचचा पॅड लावला तरी रिम मुकीच, कारण दुसरी लाट येतच नाही.

आपल्या पॅडच्या आत काय आहे हे पॅड न उघडता कळू शकतं. त्यासाठी साधा मल्टिमीटर पुरे. स्टिरिओ केबलचं एक टोक पॅडला लावा, दुसरं टोक टेबलावर मोकळं ठेवा. मीटर ओहमवर ठेवून एक सुई पिनेच्या मधल्या कड्याला आणि दुसरी दांड्याला टेकवा. काहीच न दाबता मीटर जोड नसल्याचं दाखवेल. आता पॅडची कड अंगठ्याने घट्ट दाबा. आकडा एकदम खाली आला, तर आत स्विच आहे. कितीही दाबून काही हललं नाही, तर मीटर एसी व्होल्टच्या सर्वांत लहान पट्टीवर घ्या आणि रिमवर काठीने टकटक करा. आकडा चमकून गेला, तर आत दुसरा पिझो आहे. दोन्ही वेळा मीटर ढिम्म राहिला, तर पॅड मोनो आहे किंवा कडेची तार सुटलेली आहे. एवढी चाचणी पॅड विकत घेण्याआधी, विकणाऱ्याच्या समोरच करावी. त्यात लपवण्यासारखं काही नाही आणि मागाहून होणारी कुरबुर टळते.

कडेची पद्धत जुळत नसेल तर तीन वाटा उरतात. पहिली म्हणजे मॉड्यूलच्या यादीतला पॅडचा प्रकार बदलून पाहणं. त्याबद्दल पाचव्या भागात. दुसरी वाट जॅक बदलण्याची. काही मॉड्यूलांत दोन पिझोंची सोय फक्त स्नेअरच्या जॅकला असते, म्हणून टॉमच्या जॅकला मुकी असलेली रिम तिथे बोलू लागते. तिसरी वाट फक्त दोन पिझोंच्या पॅडसाठी: एका स्टिरिओतून दोन मोनो काढणारी वाय केबल घ्यायची, मधला पिझो एका जॅकला आणि रिमचा पिझो शेजारच्या रिकाम्या जॅकला लावायचा. मॉड्यूलच्या लेखी ते दोन वेगळे पॅड होतात. एक जॅक खर्ची पडतो, पण रिम वाजते.

४. सिम्बल आणि हाय-हॅट

सिम्बलचे तीन भाग धरतात: मधला पसरट भाग म्हणजे बो, कड म्हणजे एज आणि वरचा घुमट म्हणजे बेल. हे तीन आवाज मॉड्यूलपर्यंत पोहोचवण्याच्या तऱ्हाही कंपनीगणिक वेगळ्या. रोलँडने आपल्या अनेक राइड सिम्बलना त्यासाठी दोन जॅक दिले आणि दोन केबल लावायला सांगितल्या. यामाहाने एकाच स्टिरिओ केबलमध्ये काम भागवलं: एज आणि बेल या दोन स्विचांना वेगवेगळे रोध जोडले आणि रोधाच्या आकड्यावरून कोणता स्विच दाबला गेला ते मॉड्यूलला ओळखायला लावलं. मघाच्या चाचणीत कड दाबल्यावर एक आकडा आणि घुमट दाबल्यावर दुसरा आकडा आला, तर ती याच तऱ्हेची सिम्बल.

म्हणून यामाहाची तीन आवाजांची सिम्बल रोलँडच्या मॉड्यूलला लावली की साधारणपणे बो आणि एज मिळतात, बेलचा स्वतंत्र आवाज मिळत नाही. ही जोडी अर्धवट चालणाऱ्या गटातली. क्रॅशसाठी अशी सिम्बल उत्तम चालते, कारण क्रॅशला बेल फारशी लागत नाही. राइडसाठी मात्र मॉड्यूलच्याच घरची घ्यावी. सिम्बल हाताने धरून आवाज तोडणं, ज्याला चोक म्हणतात, तेही कडेच्या स्विचवरच अवलंबून असतं. स्विच वाचला जात नसेल तर चोकही नाही.

हाय-हॅटचा पेडल हा या सगळ्यातला सर्वांत अडेलतट्टू भाग. काही पेडल नुसते चालू-बंद असतात: पाय खाली म्हणजे बंद, पाय वर म्हणजे उघडा. काहींत रोध हळूहळू बदलत जातो, त्यामुळे अर्धवट उघड्या हाय-हॅटचा तो चरचरीत आवाजही मिळतो. पण पाय दाबल्यावर रोध वाढायचा की घटायचा, आणि किती ओहमपासून किती ओहमपर्यंत जायचा, हे प्रत्येक कंपनीने आपापलं ठरवलेलं आहे. जोडी जुळली नाही तर कधी पाय उचलल्यावर हाय-हॅट बंद आणि दाबल्यावर उघडा असा उलटा कारभार होतो, कधी मधल्या पायऱ्या गायब होतात. इथे एकच सल्ला: बाकी पॅड कुठलेही घ्या, हाय-हॅटचा पेडल मॉड्यूलच्या माहितीपुस्तिकेत नाव असलेलाच घ्या.

५. मॉड्यूलला ओळख करून द्या

वायरी नीट लागल्या. आता सेटिंग. एक नियम आधी: एका वेळी एकच पॅड जोडा आणि तो पुरता जुळला की मगच पुढचा. सगळे पॅड लावून एकदम सुरुवात केली तर कोणता ठोका कुठून येतो आहे ते कळत नाही.

पहिली पायरी ट्रिगर टाइप. मॉड्यूलच्या यादीत त्याच कंपनीच्या पॅडांची नावं असतात. एकेक नाव म्हणजे आधीच भरून ठेवलेल्या सेटिंगचा एक गठ्ठा. आपला पॅड परका असल्याने त्याचं नाव यादीत नसेल. मग त्याच्याशी बांधणीने मिळतंजुळतं नाव निवडायचं. जाळीचा, दोन पिझोंचा पॅड असेल तर यादीतला जाळीचा, दोन पिझोंचा पॅड. रबरी, स्विचचा असेल तर यादीतला तसाच. निम्मं काम इथेच होतं.

दुसरी पायरी सेन्सिटिव्हिटी. यामाहाच्या मॉड्यूलांत हिला गेन म्हणतात. बहुतेक मॉड्यूलांत ठोक्याचा जोर दाखवणारा मीटर असतो. प्रत्यक्ष कार्यक्रमात मारता तितक्याच जोराने पॅडवर मारा. सर्वांत जोराच्या ठोक्यालाच मीटर टोकाला भिडला पाहिजे. मधल्या जोरालाच भिडत असेल तर सेन्सिटिव्हिटी कमी करा. नाहीतर त्यापुढचे सगळे ठोके एकाच उंचीचे होतात आणि वादन सपाट ऐकू येतं. कधीकधी सेन्सिटिव्हिटी तळाला नेली तरी मीटर टोकालाच असतो, कारण पॅड मॉड्यूलच्या अपेक्षेपेक्षा फार मोठी लाट पाठवत असतो. तेव्हा केबलमध्ये व्हॉल्यूमसाठी वापरतात तसा छोटा पोटेन्शिओमीटर बसवून लाट कमी करता येते. इलेक्ट्रॉनिक्सची दुरुस्ती करणारा कुणीही हे काम करून देईल.

तिसरी पायरी थ्रेशोल्ड, म्हणजे किती लहान लाटेकडे दुर्लक्ष करायचं ती मर्यादा. रोलँडच्या अनेक मॉड्यूलांत ती ० ते ३१ असते. सुरुवात ० पासून करा. स्टँडला धक्का लागला, शेजारी पाय आपटला, तरी पॅड आपोआप वाजतो का पाहा. वाजत असेल तर एकेक आकडा वर चढा आणि आपोआप वाजणं थांबेल तिथेच थांबा. आणखी वर गेलात तर काठी अलगद टेकवून काढलेले बारीक ठोके गिळले जातील आणि तबला-ढोलकीच्या वळणाने वाजवणाऱ्याला नेमके तेच लागतात.

चौथी पायरी कर्व्ह. हाताचा जोर आणि आवाजाचा जोर यांचं नातं कसं असावं हे कर्व्ह ठरवतो. लिनियर म्हणजे जेवढ्यास तेवढं. लॉग निवडला तर हलक्या हातालाही भरीव आवाज येतो. एक्स्पोनेन्शियल निवडला तर हलका हात हलकाच राहतो आणि जोराच्या ठोक्यांत फरक जास्त जाणवतो. कडक रबरी पॅडवर हलक्या ठोक्यांचा आवाज पडतो असं वाटलं तर लॉग लावून पाहा. पण आधी सेन्सिटिव्हिटी बरोबर करा, मगच कर्व्हला हात घाला. उलट क्रमाने गेलात तर दोन्ही बिघडतात.

६. एक ठोका, दोन आवाज

सर्वाधिक वैताग देणारी तक्रार ही. तिची कारणं दोन आणि दोन्हींचे उपाय वेगळे. म्हणून आधी निदान करा: पॅड स्टँडवरून काढून एका हातात धरा आणि वाजवा. तरीही दोनदा वाजला, तर दोष त्याच पॅडच्या लाटेत आहे. हातात धरल्यावर एकदाच वाजला, तर स्टँडमधून दुसरीकडची थरथर येत होती.

पहिल्या प्रकारात काय घडतं? लाट ओसरताना पुन्हा उसळते आणि मॉड्यूलला तो नवा ठोका वाटतो. किकच्या बाबतीत पेडलचा बीटर पॅडवर आपटून परतताना पुन्हा हलकेच टेकतो. यावर उपाय मास्क टाइम: एक ठोका वाचल्यावर ठरावीक वेळ दुसऱ्याकडे लक्षच द्यायचं नाही. रोलँडच्या मॉड्यूलांत हा ० ते ६४ मिलिसेकंद ठेवता येतो. मग सरळ ६४ का ठेवू नये? हिशेब करून पाहू. लय मिनिटाला १२० मात्रांची असेल तर एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची. मात्रेत चार ठोके वाजवले तर दोन ठोक्यांत १२५ मिलिसेकंद अंतर पडतं. आठ वाजवले तर ६२.५. म्हणजे मास्क टाइम ६४ ठेवला की मात्रेत आठ ठोक्यांचा रोल अर्धा गायब. म्हणून कमीत कमी आकड्यापासून वर चढायचं. किकला जास्त चालतो, कारण पाय इतका भराभर पडत नाही. स्नेअरला जपून.

याच घरातली दुसरी सेटिंग स्कॅन टाइम. लाट शिगेला पोहोचेपर्यंत किती थांबायचं हे ती सांगते. सारख्याच जोराने मारलेले ठोके कधी मोठे, कधी लहान येत असतील, तर मॉड्यूल लाट शिगेला पोहोचण्याआधीच मोजून मोकळं होतंय. ० पासून थोडा थोडा वाढवत न्या आणि ठोके एकसारखे येऊ लागले की थांबा. जास्त वाढवला तर आवाजाला तेवढाच उशीर होतो.

दुसऱ्या प्रकाराला क्रॉसटॉक म्हणतात. चाळीत शेजारच्या खोलीत कुणी खलबत्ता कुटला की आपल्या मांडणीवरची भांडी किणकिणतात, तसंच हे. टॉमवर मारलं की त्याच लोखंडी चौकटीवरच्या क्रॅशच्या पिझोला थरथर पोहोचते. मॉड्यूलमध्ये क्रॉसटॉक कॅन्सल असतं, पण आधी चौकटीकडे बघा. पॅड एकमेकांना टेकले नाहीत ना, क्लॅम्पचे स्क्रू सैल नाहीत ना, पॅड आणि क्लॅम्पच्या मधे रबराची चकती घालता येते का. एवढं करून उरेल तेवढ्यासाठीच सेटिंग वाढवा. ती फार वाढवली तर दोन पॅड एकत्र वाजवताना त्यातला हलका ठोका नाहीसा होतो. वाय केबलने रिम वेगळ्या जॅकला लावली असेल तर मात्र हिला पर्याय नाही, कारण दोन्ही पिझो एकाच चौकटीत असतात.

७. एक नमुना

समजा हाती रोलँडचा जाळीचा पीडीएक्स-८ आला आहे आणि मॉड्यूल स्विचची वाट पाहणाऱ्या पद्धतीचं आहे. पॅड स्टिरिओ केबलने लावला. मधला भाग वाजला, रिम मुकी. मीटरने पाहिलं: रिम दाबून काही नाही, टकटक केल्यावर आकडा चमकला. म्हणजे दोन पिझो. वाय केबल आणली, मधला पिझो स्नेअरच्या जॅकला, रिमचा पिझो टॉमच्या रिकाम्या जॅकला. दोन्ही जागी मोनो पॅडचा प्रकार निवडला. टॉमच्या जागी रिमशॉटचा आवाज घातला. मधल्या भागाची सेन्सिटिव्हिटी जोराच्या ठोक्याला मीटर टोकाला जाईल अशी ठेवली, मग रिमची. आता मधे मारलं की रिमही वाजू लागली, म्हणून रिमच्या जॅकचा थ्रेशोल्ड थोडा वर आणि त्या दोन जॅकांमधलं क्रॉसटॉक कॅन्सल हळूहळू वर. मधे मारलेल्या जोरकस ठोक्यालाही रिम गप्प राहिली आणि रिमवरच्या साध्या ठोक्याला बोलली, तिथे थांबलो.

इथे एक सवय लावून घ्या: सगळे आकडे वहीत उतरवून ठेवा. मॉड्यूलची मेमरी पुसली गेली किंवा पॅड दुसऱ्या जॅकला लावायची वेळ आली, की हीच वही कामाला येते.

८. आवाज तिसऱ्याच यंत्राचा हवा असेल तर

मॉड्यूल पॅड चांगले वाचतं, पण त्याचे आवाज पसंत नाहीत, असंही होतं. तेव्हा मिडी कामाला येतं. मिडी ही १९८३ साली आलेली सर्व कंपन्यांची सामाईक भाषा आहे. तिच्यातूनही आवाज जात नाही, आकडे जातात: कोणता सूर आणि किती जोर, दोन्ही ० ते १२७ मध्ये. १९९१ साली ठरलेल्या जनरल मिडी या संकेतात ड्रमसाठी १० क्रमांकाचा चॅनेल आहे. त्यात किक ३६, स्नेअर ३८, बंद हाय-हॅट ४२, उघडा हाय-हॅट ४६, क्रॅश ४९ आणि राइड ५१. एका यंत्राच्या स्नेअरवर मारल्यावर दुसऱ्यातून भलताच आवाज आला, तर पहिलं यंत्र कोणता आकडा पाठवतंय ते पाहायचं आणि तो दुसऱ्याशी जुळवायचा. बस्स.

मिडीने उशीर होतो अशी भीती घातली जाते. तीही हिशेबात घेऊ. मिडीच्या पाच पिनांच्या केबलमधून सेकंदाला ३१,२५० बिट जातात. एका ठोक्याच्या निरोपाला सुमारे ३० बिट लागतात. म्हणजे एका मिलिसेकंदाहून किंचित कमी वेळ. तेवढ्या वेळात हवेतून आवाज जेमतेम ३४ सेंटिमीटर पुढे जातो. स्पीकर एक हात लांब सरकवला तरी कानाला एवढाच उशीर होईल. लॅपटॉपमधून आवाज काढताना खरा उशीर होतो तो त्याच्या बफरमुळे: ४४,१०० च्या नमुना दरावर २५६ चा बफर म्हणजे जवळजवळ ६ मिलिसेकंद. म्हणून केबल बदलण्याआधी बफर कमी करून पाहा.

९. कुठे थांबावं आणि पैसे कुठे घालावेत

काही जोड्या जुळवायच्या भानगडीत पडू नये. रोलँडने २०१६ साली टीडी-५० या मॉड्यूलसोबत पीडी-१४०डीएस हा स्नेअर आणि सीवाय-१८डीआर ही राइड आणली. ती यूएसबी केबलने जोडतात आणि ठोक्याची माहिती पॅडच्या आतच आकड्यांत रूपांतरित होऊन जाते. असा पॅड साध्या ट्रिगर जॅकला लावताच येत नाही. वापरलेला पॅड स्वस्तात मिळतोय म्हणून घेताना त्याच्या मागे जॅक आहे की यूएसबी, हे पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.

दोन्ही गोष्टी नव्याने जमवायच्या असतील तर आधी मॉड्यूल ठरवा. त्याला किती जॅक आहेत, त्यातले दोन पिझोंचे किती आणि स्विचचे किती, हे माहितीपुस्तिकेत दिलेलं असतं. मग त्याला जुळणारे पॅड शोधा. पैसे थोडेच असतील तर ते स्नेअर आणि हाय-हॅटवर घाला. वादकाचे सर्वांत बारीक ठोके तिथे पडतात आणि जोडी न जुळल्याचा फटका तिथेच बसतो. टॉम आणि क्रॅश साधे, परक्या घरचे असले तरी काम भागतं.

आणि सगळं लावून झाल्यावर परीक्षा एकच घ्या. पॅडवर काठी नुसती टेकवण्यापासून सुरुवात करून अंगात असेल तेवढ्या जोरापर्यंत सलग वाजवत जा. हलका ठोका हलका ऐकू आला, जोराचा जोराचा आला आणि मधला प्रत्येक ठोका आपापल्या जागी सापडला, तर जोडी जुळली. मग पॅडवर कोणाचं नाव छापलं आहे आणि मॉड्यूलवर कोणाचं, याची फिकीर करू नका. परवडेल तेवढ्यात उभ्या केलेल्या अशा संचावरही हात तितकाच चांगला तयार होतो. फक्त तो संच लावून देणाऱ्याने एक दुपार सबुरीने दिलेली असली पाहिजे.